माप घेण्यापुरतं इटालियन

सोमवार, ४ फेब्रुवारी

टाचणे,

तू माझ्याशी बोलत नाहीस, हे मला मान्य आहे. "मशीन माझ्यापेक्षा जवळचं वाटत असेल तर मशीनशीच बोल," असं म्हणून तू फोन ठेवलास, तेव्हापासून मी मशीनशीच बोलते आहे. ते उलट उत्तर देत नाही, एवढं एक सुख. शिवणाचं दुकान बंद करून, तीस वर्षांची गिऱ्हाइकं वाऱ्यावर सोडून मी तुझ्याकडे कायमची राहायला यायचं, हा तुझा हट्ट होता. माझं 'नाही' मी अजून मागे घेतलेलं नाही. तेव्हा भांडण चालू आहे असं समज.

पण सायकलवरून पडलीस, हे तरी तू स्वतः सांगायचं होतंस. जावयांचा निरोप आला, तोही फोनच्या यंत्राने मराठी केलेला: 'मुलगी सायकल पडली. पाय. विश्रांती चांगला आहे.' मी तो चारदा वाचला आणि शिलाई चुकवली. लगेच फोन केला. तू जावयांना मराठीतले दोनच शब्द शिकवलेस, 'ठीक' आणि 'जेवलात?' बिचारे मला "आई, ठीक, आई, ठीक" म्हणत राहिले आणि शेवटी "जेवलात?" म्हणाले. मग त्यांच्या आईने फोन घेतला. त्यांचं बोलणं पाण्यासारखं वाहत होतं, त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता, दोर्मे. जावयांनी यंत्राला विचारून कळवलं, 'झोपतो.'

कोण झोपतो? तू झोपलीस असं मी धरून चालले. भरदुपारी झोपायची तुला सवय नाही, पण पाय मोडल्यावर माणूस दुसरं काय करणार. आणि रुसलेल्या माणसाला झोपेचं सोंग आणता येतं, हे मला तुझ्या शाळेपासून माहीत आहे.

ते यंत्र मला नको. मी इटालियनची शिकवणी लावते आहे. विहीणबाईंना चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे, की त्या नाटकी मुलीच्या कानाला फोन लावा, बाकी मी बघते.

आई

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

टाचणे,

शिकवणीच्या बाई माझ्याहून लहान आहेत. पूर्वी परदेशी पाहुण्यांना गाव दाखवायच्या, आता गुडघे कुरकुरतात म्हणून घरी बसून भाषा शिकवतात. मला मावशी म्हणतात आणि चुकले की पेन्सिलीने टेबल वाजवतात. पहिल्याच दिवशी मी नवी वही काढून म्हटलं, "बाई, आधी नियम सांगा." त्या म्हणाल्या, "मावशी, नियम वाक्याच्या पोटात असतो. तुम्ही रोज घरात बोलता ते सांगा, नियम आपोआप बाहेर येईल."

मग मी सांगत गेले आणि त्या तिकडचं करत गेल्या. दार उघडं आहे: ला पोर्ता ए आपेर्ता. पाव टेबलावर आहे: इल पाने ए सुल तावोलो. हे एकदम पटलं मला. दार तिकडे बाई आहे, म्हणून 'उघडं'सुद्धा बाईसारखंच संपतं. अस्तराचा रंग कापडाशी जुळवावा लागतो, तसलाच हा प्रकार. आपल्याकडेही जुळवतात म्हणा, उघडं दार, उघडी खिडकी, पण आपण जुळवतो आहोत हे मला आजवर कळलं नव्हतं. सुई तिकडे पुरुष आहे. हे ऐकून मी हसले. पुरुषाच्या हातून सुईत दोरा ओवला जात नाही आणि म्हणे सुईच पुरुष.

एक मात्र रुचलं नाही. त्यांच्यात पुरुष आणि बाई एवढंच आहे, आपल्यासारखं तिसरं लिंग नाही. मी बाईंना विचारलं, मग 'लेकरू' कसं म्हणायचं? त्या म्हणाल्या, मुलगा की मुलगी ते आधी ठरवावं लागतं. पोटच्या जिवाला नुसतं 'ते' म्हणायची सोय नाही, ही काय भाषा झाली!

आज विहीणबाईंना फोन केला. तीन वाक्यं पाठ करून गेले होते. मी म्हटलं, मी मुलीची आई आहे, मुलगी कशी आहे, मुलीला फोन द्या. आवाजावरून वाटलं, त्यांना आनंद झाला आणि भीतीही वाटली. त्या म्हणाल्या, "स्ता बेने. दोर्मे." बरी आहे, झोपली आहे.

बाई म्हणाल्या, या भाषेत 'दोर्मे' एवढंच पुरतं, तो की ती हे सांगावं लागत नाही. आपल्याकडे 'झोपलीय' म्हटलं की निदान मुलगी दिसते तरी. 'दोर्मे'त कोणीच दिसत नाही.

रुसवा पुरे आता.

आई

रविवार, ३ मार्च

टाचणे,

आज दुकान बंद. नवं वाक्य शिकले ते तुला सांगते. मला भीती वाटते, हे ते लोक म्हणतात: ओ पाउरा. बाईंनी फोड करून दिली, 'माझ्याकडे भीती आहे.' भूक, तहान, भीती, सगळं त्यांच्याकडे असतं. आपल्याला ती वाटते, म्हणजे न वाटायचीही काही आशा असते. त्यांची भीती पिशवीसारखी बरोबर असते. पूर्वी मला आपली पद्धत बरी वाटली असती. हल्ली त्यांचीच खरी वाटते, कारण मी ती दुकानात नेते, बाजारात नेते, परत घरी आणते.

कारण सांगते. मी सकाळी फोन केला, तुम्ही म्हणता झोपली. दुपारी केला, झोपली. संध्याकाळी केला, झोपली. एवढं तर तू तान्ही असतानाही झोपली नाहीस, मला रडवून सोडायचीस. आणि तुमच्या घरात मागे एक बारीक शिट्टी वाजते. सारखी, थांबून थांबून. मी जावयांना विचारलं, हा कसला आवाज? ते म्हणाले, फ्रिज. मी म्हटलं, नवा घ्या मग. हसायला हवं होतं त्यांनी, पण हसले नाहीत.

एकदा मी दुकानात चक्कर येऊन पडले होते, ते तू त्यांना सांगितलं असशील. आईचं काळीज नाजूक आहे म्हणून माझ्यापासून काही लपवत असतील, तर ते मूर्ख आहेत. काळीज न कळण्याने झिजतं, कळण्याने नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. तिकडे मराठी वाचणारं कोण आहे? तूच, आणि तू झोपली आहेस.

आई

रविवार, २४ मार्च

टाचणे,

मी स्वतःला कामाला जुंपलं आहे. रिकामं मन नको ते शिवत बसतं. ठरवलं, तुझ्यासाठी झगा शिवायचा. पायाला प्लॅस्टर आहे म्हणता ना, मग दोन्ही बाजूंनी उघडणारा, खांद्यावर नाड्या, डोक्यातून घालायला नको की पायातून चढवायला नको. मऊ सुती कापड काढलं आहे, पिवळं. तुला पिवळा आवडत नाही, माहीत आहे. आजारी माणसाची आवड विचारायची नसते.

त्यासाठी मापं हवीत. तुझी मापं मला पाठ आहेत, पण महिना-दीड महिना बिछान्यात पडलेलं माणूस बदलतं. म्हणून बाईंकडून अंगाचे शब्द घेतले. छाती, कंबर, खांदा, बाही. हाताची तर गंमतच आहे. एक हात, इल ब्राच्चो, पुरुष. दोन हात झाले की ले ब्राच्चा, बायका. मी म्हटलं, बरोबरच आहे बाई, दोन्ही हातांनी काम करायची वेळ आली की ते बायकांकडेच येतं. बाईंनी पेन्सिल वाजवली नाही, हसल्या. पुढचं वाक्य हुकूम करायचं: आल्त्सा इल ब्राच्चो, हात वर कर.

हे वाक्य तुझ्यासाठी लागणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. आठवतं का, माझ्या गळ्यात टेप दिसली की तू हात वर करून उभी राहायचीस? माप दुसऱ्याचं असलं तरी. गिऱ्हाईक बाई आरशासमोर आणि तू तिच्यामागे दोन्ही हात वर करून, डोळे मिटून. कॉलेजात गेलीस, तोंडाने माझ्याशी भांडत असायचीस, आणि टेप अंगाला लागली की भांडता भांडता हात वर.

विहीणबाईंना सगळं नीट सांगितलं. पायाची चौकशी धरून पाच वाक्यं, पाठ न करता बोलले. आधी त्या "नको, नको, त्रास नको" म्हणत होत्या. मग उद्या सांगते म्हणाल्या आणि आज खरंच मापं सांगितली, सेंटिमीटरमध्ये, हळूहळू, मला लिहून घेता येतील अशी. विहीण चांगली आहे गं. इतके दिवस मी उगाच तिचा राग राग केला.

उद्या कापायला घेते.

आई

बुधवार, २७ मार्च

टाचणे,

मी कापलं नाही.

कापडावर खडूने खुणा करत होते. छाती तुझ्या मापापेक्षा चार इंच जास्त. मला वाटलं, बसून खाऊन सुटली असेल. कंबरही चार इंच जास्त. म्हटलं, असेल. मग नितंब घेतले, तेही चार इंच जास्त. खडू हातातच राहिला. माणूस सुटतं तेव्हा असं मोजूनमापून सुटत नाही. पोट आधी सुटतं, खांदे तसेच राहतात. सगळीकडे सारखे चार इंच फक्त एकाच गोष्टीला असतात. मी कपडा शिवते तेव्हा अंगाच्या मापाहून चार इंच लूज ठेवते. सगळीकडे. माझी पद्धत आहे, दुसरे शिंपी नावं ठेवतात त्याला.

बाहीची लांबीही पडताळून पाहिली. तुला बोटांवर आलेली बाही आवडते, म्हणून मी इंचभर वाढवून देते. तो इंचही त्यात आहे.

विहीणबाईंनी तुला टेप लावलीच नाही. मी शिवून दिलेला निळा झगा कपाटातून काढून टेबलावर पसरला आणि त्याचं माप मला वाचून दाखवलं. फोनवर तू नव्हतीस. माझाच निळा झगा माझ्याशी बोलत होता.

अंगाला टेप लावता येत नाही असं काय झालं आहे? त्याचं एक उत्तर मला येतं आणि ते मी लिहिणार नाही. माझी आई म्हणायची, मन चिंती ते वैरी न चिंती. गेलेल्या माणसाचा कपडा कपाटातच असतो, एवढंच डोक्यात फिरतं आहे. पाणी प्यायले. मशीनवर झाकण घातलं. पुन्हा काढलं.

उद्या सकाळी बाईंकडे जाते. एकच वाक्य शिकायचं आहे.

आई

गुरुवार, २८ मार्च

टाचणे,

तू जिवंत आहेस. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

सकाळी बाईंच्या दारात जाऊन म्हटलं, 'माझी मुलगी कुठे आहे' हे मला तिकडचं सांगा. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आज पेन्सिल हातातही घेतली नाही. दोवे मिया फील्या. खुर्ची, घर, सुई, कशालाही 'माझं' म्हणताना ते लोक आधी एक छोटा शब्द लावतात. ला मिया सेद्या, माझी खुर्ची. पण आई, मुलगी, बहीण म्हणताना तो लावत नाहीत. मी विचारलं, का? बाई म्हणाल्या, "मावशी, का ते मला माहीत नाही. जवळच्या माणसाच्या आधी मध्ये काही ठेवत नाहीत एवढं खरं." त्यांच्याच फोनवरून लावला आणि त्या माझा हात धरून बसल्या.

विहीणबाईंनी उचलला. मी म्हटलं, तुम्ही झगा मोजला. मी शिंपीण आहे. दोवे मिया फील्या?

मग त्या रडायला लागल्या आणि रडत रडत सांगत गेल्या. मला सगळे शब्द कळले नाहीत, पण एक वाक्य कळलं, त्या ते थांबून थांबून म्हणाल्या. नोन सी झ्वेल्या. जागी होत नाही.

बाकीचं बाईंनी फोन घेऊन विचारलं. पाय मोडला हे खरं. पण डोकं रस्त्यावर आपटलं, हेही खरं. कवटी उघडून शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून तू डोळे उघडतेस, मिटतेस, पण कुणाकडे बघत नाहीस. तो फ्रिज नव्हता. विहीणबाई रोज तुझ्या खाटेजवळ बसून माझा फोन घेत होत्या. नळ्यांमुळे टेप लावायला नर्सने मनाई केली, आणि त्यांना मला नाही म्हणवेना, म्हणून घरी जाऊन झगा पसरला. मी त्यांना बोलणार होते, पण रागाचे शब्द मला अजून शिकवलेले नाहीत. मीही रडले. रडायला शिकवणी लागत नाही.

जावयांनी मग बाईंना समजावून सांगितलं. डॉक्टर म्हणतात, सांगितलेलं तिला कळतं अशी एक जरी खूण दिसली तर इथेच ठेवू, उपचार पुढे नेऊ. एप्रिल सरेपर्यंत दिसली नाही तर दुसरीकडे हलवावं लागेल, जिथे अशा माणसांना नुसतं सांभाळतात.

नुसतं सांभाळतात. बाईंनी हे मराठीत सांगितलं तेव्हा मला मराठीही परकी वाटली.

तू हट्टाने काढून दिलेला पासपोर्ट पिठाच्या डब्यामागे ठेवला होता. काढला. दुकानाला कुलूप. गिऱ्हाइकांची कापडं परत दिली. भांडणात मी हरले असं समजू नकोस, मी राहायला येत नाही, बघायला येते आहे.

आई

मंगळवार, १६ एप्रिल

टाचणे,

तुझ्या खाटेजवळच्या खुर्चीत बसून लिहिते आहे. ही खुर्ची बाई आहे.

व्हिसाची खटपट जावयांनी इथून केली. विमानात मी रोजची वाक्यं पुटपुटत आले, शेजारचा माणूस घाबरून जागा बदलून गेला. विमानतळाच्या बाहेरच्या दारात विहीणबाई उभ्या होत्या. बुटक्या, गोल, केस पिंजलेले. मी मनात अख्खं भाषण तयार केलं होतं. त्यांनी मला पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाल्या, ओ पाउरा. मी म्हटलं, मलाही. मराठीतच म्हटलं. कळलं त्यांना.

तू किती बारीक झाली आहेस ते मी लिहीत नाही. मी डोळ्यांनी माप घेऊ शकते, तीस वर्षांची सवय आहे, आणि पहिल्यांदाच ती सवय नसती तर बरं झालं असतं असं वाटलं. केस काढले आहेत. तू डोळे उघडलेस, माझ्यावरून छताकडे नेलेस आणि मिटलेस. मी हाक मारली. टाचणे म्हटलं, बाळा म्हटलं, शेवटी कधी नव्हे ते तुझं पाळण्यातलं नाव घेतलं. काही नाही.

रोज सकाळी व्यायाम करून घेणारी मुलगी येते. तुझ्या कानाशी वाकून स्पष्ट म्हणते, "आल्त्सा इल ब्राच्चो." वाट बघते. पुन्हा म्हणते. मग वहीत काहीतरी लिहून पुढच्या खाटेकडे जाते. ते वाक्य मला येतं, शिकले तेव्हा मला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. आता ती म्हणते तेव्हा मी चादरीची टोकं मुठीत धरते आणि तुझ्या हाताकडे बघत बसते, आणि तो तिथेच असतो.

काल डॉक्टर विहीणबाईंशी दाराबाहेर बोलत होते. हळू बोलत होते, पण हळू बोललेलं आता मला जास्त कळतं. दुसऱ्या जागेचं नाव घेत होते. एप्रिल संपायला आता किती राहिला?

मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. तुझ्या जन्माच्या वेळीही नाही.

आई

शुक्रवार, १९ एप्रिल

टाचणे,

आज सकाळी नर्सने छातीवरची शेवटची तार काढली. मी तिला विचारलं, माप घेऊ का? झगा शिवायचा आहे. पिवळं कापड बरोबर आणलंय आणि विहीणबाईंच्या घरी जुनं मशीन आहे, हे सगळं तिला सांगितलं. माझ्या चुका ऐकून ती हसली आणि म्हणाली, घ्या, हळू.

खरं सांगू? झग्यासाठी नव्हतं विचारलं मी. मला हातांना काहीतरी काम हवं होतं. नुसतं बघत बसून मला वेड लागलं असतं.

टेप गळ्यातच होती, ती मी झोपतानाही काढत नाही हल्ली. खांद्यापासून सुरुवात केली. मग टेपचं टोक तुझ्या पाठीखालून सरकवायला वाकले. पितळी टोक थंड असतं, तू नेहमी कुरकुरायचीस. मी काही बोलले नाही. हात वर कर म्हटलं नाही, त्यांच्या भाषेत नाही, आपल्या भाषेत नाही. तुझं माप घेताना मला ते कधी म्हणावंच लागलेलं नाही. टेप काखेखाली लागली.

तुझा उजवा हात चादरीवरून उठला.

फार नाही. कोपरापर्यंतच. थरथरत होता. पण तो टेपसाठी जागा करून देत होता, आणि मी टेप पुढे सरकवली तसा आणखी थोडा वर गेला. डोळे मिटलेले होते. तू लहानपणीही मिटायचीस.

विहीणबाई किंचाळल्या. नर्स धावत आली, मग व्यायामवाली मुलगी, मग डॉक्टर. टेप काढायला लावली, हात खाली गेला. पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा वर आला. डॉक्टर मला विचारत होते, काय म्हणालात तुम्ही तिला, नेमकं कोणतं वाक्य? सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, नोन ओ देत्तो निएन्ते. काही म्हणाले नाही. मी फक्त माप घेत होते.

ते म्हणाले, टेप ओळखते, म्हणजे ही खूणच आहे, आणि त्यांनी वहीत लिहिलं. तुला हलवणार नाहीत. जावई बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि परत आले तेव्हा मला म्हणाले, "आई, ठीक. जेवलात?" पुढे काय होईल ते कुणी सांगत नाही, मीही विचारत नाही. भीती गेलेली नाही, ती माझ्याजवळच आहे.

पण छातीचं माप अजून अर्धंच झालंय. डावा हात राहिला आहे. डॉक्टर म्हणाले आज पुरे, दमेल ती, उद्या. बरं, उद्या. मी इथेच बसते आहे, दुकान बंद आहे, आणि माप अर्धं टाकून मी उठत नाही, हे तुला माहीत आहे.

आई